दारामागची पिशवी

'ताई, जरा मोठ्यानं सांगा ना, काय म्हणतायत ते?' सुमन माझ्या कानाशी लागून म्हणाली. तिच्या मते ती कुजबुजत होती. पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाची कुजबूज केवढी असते ते तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या दोन रांगा वळून आमच्याकडे बघायला लागल्या. गार हवेचं सभागृह, गळ्यात नावाचे बिल्ले, मांडीवर परिषदेनं दिलेल्या पिशव्या. आणि त्या सगळ्यांत माहुलची सुमन, स्वतःची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून बसलेली.

मैत्रिणींनो, सुमन हे तिचं खरं नाव नाही, पण बाकी सगळं खरं आहे. आम्ही दोघी तिथे कशा पोचलो ते आधी सांगते.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण. आम्ही दोघींनी बी.ए. केलं, मग मी संसाराला लागले आणि तिनं ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास केला. आज ती एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. गेल्या वर्षी तिचा फोन आला. 'अगं, आमच्याकडे आरोग्यविज्ञानाची माहिती आणि तंत्रज्ञान या विषयावर विभागीय परिषद आहे. सगळे डॉक्टर, ग्रंथपाल आणि कॉम्प्युटरवाले. वस्तीत काम करणारं एक तरी माणूस पाहिजे. दहा मिनिटं बोल.' मी म्हटलं, 'बाई गं, मला त्यातलं काय कळतंय?' ती म्हणाली, 'तुला कळत नाही म्हणूनच ये.'

खरं सांगायचं तर अशा परिषदा कशासाठी भरतात हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मैत्रिणीनं ते चहाच्या कपाबरोबर समजावलं. औषधांवर, आजारांवर जगभर रोज संशोधन होतं. ते छापून येतं, पण एकट्या डॉक्टरनं ते वाचायचं कधी आणि शोधायचं कुठे? म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं १९६४ मध्ये ही सूची कॉम्प्युटरवर घेतली आणि १९९७ मध्ये 'पबमेड' या नावानं ती इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुली केली. आपल्या भागातल्या देशांच्या वैद्यकीय ग्रंथालयांनी एकमेकांना मदत करावी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं १९७९ सालापासून 'हेलिस' नावाचं जाळं विणायला घेतलं. २००२ मध्ये गरीब देशांतल्या संस्थांना महागडी नियतकालिकं फुकट किंवा अगदी कमी पैशांत वाचता यावीत म्हणून 'हिनारी' ही योजना आली. आपल्या राज्यात १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि महाराष्ट्रातली वैद्यकीय महाविद्यालयं एका छत्राखाली आली. ग्रंथपाल, डॉक्टर आणि तंत्रज्ञ अधूनमधून एकत्र बसतात, नवं काय आलं ते एकमेकांना दाखवतात, आपल्या भागात ते कसं वापरायचं ते ठरवतात. हीच ती विभागीय परिषद.

'म्हणजे माहिती डॉक्टरपर्यंत पोचवायची,' मी म्हटलं. 'आणि डॉक्टरकडून आमच्या सुमनपर्यंत?'

मैत्रीण हसली. 'हेच तर तू बोलायचंस.'

आता सुमनबद्दल. त्याआधी माहुलबद्दल सांगायला हवं, कारण बाहेरगावच्या मैत्रिणींना हे नाव कदाचित फक्त फ्लेमिंगोंमुळे माहीत असेल. चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या काठावर माहुल आहे. मूळचं कोळ्या-आगऱ्यांचं गाव. १९५४-५५ च्या सुमारास शेजारी तेलशुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने उभे राहिले, पुढे रसायनांच्या साठवणुकीच्या टाक्या आल्या. मग त्याच परिसरात, प्रकल्पांमुळे ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी ७२ इमारती बांधल्या गेल्या. तब्बल सतरा हजारांवर खोल्या. २०१७ पासून तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटवल्या, तिथल्या कुटुंबांना इथे पाठवलं. सुमन त्यांच्यातलीच. विद्याविहारकडची झोपडी सुटली आणि माहुलच्या इमारतीत सातव्या मजल्यावरची खोली मिळाली. कागदावर पाहिलं तर बढतीच की! पण खिडकी उघडली की नाकात वास, आणि बंद केली की जीव घुसमटतो.

वास येतो, डोळे चुरचुरतात, छाती भरते, हे माहुलच्या बायका कितीतरी वर्षं सांगत होत्या. पण बायकांचं सांगणं म्हणजे कुरकुर! घरातले म्हणायचे, 'तुला सगळ्याचाच त्रास होतो.' बाहेरचे म्हणायचे, 'सवय होईल.' मग २०१३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या श्वसनविकार आणि प्रदूषण संशोधनाच्या तज्ज्ञांनी माहुल आणि आंबापाडा इथे घरोघरी पाहणी केली. तेच प्रश्न, पण रीतसर विचारलेले आणि रीतसर लिहून घेतलेले. निघालं काय? ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनदाहून जास्त वेळा धाप लागत होती. ८६.६ टक्के लोकांचे डोळे चुरचुरत होते.

बघा हं, बायका तेच सांगत होत्या. पण ते आकड्यात लिहिलं गेल्यावर त्याला वजन आलं. गावातल्या मंडळींनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, तिथे ही पाहणी पुरावा म्हणून उभी राहिली. १८ डिसेंबर २०१५ च्या निकालात लवादानं म्हटलं की इथल्या हवेमुळे माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका दिसतो. पुनर्वसनात आलेल्या कुटुंबांनी ऑक्टोबर २०१८ पासून विद्याविहारला रस्त्यावर बसून आंदोलन केलं. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की लोकांना माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही, दुसरं घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार अनामत द्या. घरातल्या खोकल्यापासून न्यायालयाच्या निकालापर्यंतचा हा रस्ता. मधला पूल होता माहितीचा. नीट गोळा केलेल्या, नीट जपलेल्या माहितीचा.

इथपर्यंत गोष्ट अभिमानाची. पण आता माझी चूक सांगते.

सुमनला जलवाहिनीकाठी राहत असतानाच क्षय झाला होता. औषधं चालू झाली, दोन-अडीच महिन्यांत बरं वाटायला लागलं. तेवढ्यात झोपडी तुटली. सामानाची टेम्पोत भराभर, मुलं, भांडी, गॅसची टाकी, देव. उपचारांचं कार्ड आणि एक्स-रे कुठल्या पोत्यात गेले ते देवालाच ठाऊक. नव्या जागी औषध कुठे मिळतं हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि बरं वाटत होतं म्हणून तिनंही विचारलं नाही.

काही महिन्यांनी खोकला परत सुरू झाला. मी तेव्हा आठवड्यातून दोनदा माहुलला बायकांच्या बैठकीला जात असे. तिला खोकताना ऐकून मीच म्हणाले, 'काय करणार सुमन, इथली हवाच अशी. सगळ्यांचंच खोकणं चाललंय.' शेजारणी म्हणाल्या तेच, औषधाच्या दुकानातला म्हणाला तेच. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिकाम्या होत राहिल्या. हवेविरुद्ध लढता लढता आमचा इतका ठाम समज झाला होता की दुसरं काही असेल अशी शंकाही आली नाही. मला तर तिच्या आधीच्या आजाराचं माहीतच नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

एक दिवस थुंकीत रक्त पडलं. तिला घेऊन मी सरकारी रुग्णालयात गेले. डॉक्टर शांत होते, चांगले होते. त्यांनी विचारलं, 'याआधी क्षयाची औषधं घेतली होती?' हो. 'कुठली?' माहीत नाही. 'किती महिने?' दोन... नाही, तीन असतील. 'कधी सोडली?' घर तुटलं तेव्हा. 'कागद?' सुमननं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिचा मुलगा म्हणाला, 'लाल गोळी होती, लघवी लाल व्हायची.' एवढीच तिच्या आजाराची उरलेली माहिती.

औषध अर्धवट सोडलं की क्षयाचे जंतू ते औषध पचवायला शिकतात. सुमनचे शिकले होते. तपासणीत तिचा क्षय नेहमीच्या औषधांना दाद न देणारा निघाला. सहा महिन्यांत संपायचं ते दुखणं पावणेदोन वर्षं चाललं. त्या काळात या प्रकाराला रोज इंजेक्शनं द्यावी लागत, आणि त्यांनी कानावर परिणाम होऊ शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सुमन बरी झाली. धाकट्या मुलीला लागण झाली नाही, हे नशीब. पण ऐकू यायचं कमी झालं ते झालंच. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगते, 'जरा मोठ्यानं बोला.' ती तसं म्हणते तेव्हा मला दर वेळी बैठकीतलं माझं ते वाक्य आठवतं.

तेव्हापासून सुमनच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला एक पिशवी टांगलेली असते. सगळे कागद त्यात. तीच पिशवी घेऊन ती परिषदेला आली होती.

माझी दहा मिनिटं आली तेव्हा मी हेच सगळं सांगितलं. पाय थरथरत होते, पण सांगितलं. म्हटलं, तुम्ही जगभरची माहिती डॉक्टरच्या टेबलावर आणली, फार मोठं काम केलंत. पण टेबलाच्या अलीकडे बसलेल्या बाईची स्वतःची माहिती तिच्याजवळ नसते. ती घर बदलते, लग्न होऊन नाव बदलते, बाळंतपणाला माहेरी जाते, आणि प्रत्येक ठिकाणी तिचा आजार नव्यानं सुरू होतो.

टाळ्या झाल्या. पण टाळ्यांपेक्षा जेवणाच्या वेळचं बोलणं जास्त मोलाचं ठरलं. एक तरुण तंत्रज्ञ पुढे आला. म्हणाला, 'मॅडम, आता हे सोपं झालंय. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद २०१२ पासून निक्षय या पोर्टलवर होते. २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर आभा क्रमांकाची सोय आहे. चौदा आकडी क्रमांक, सगळे रिपोर्ट त्याला जोडता येतात, आणि तुमच्या संमतीशिवाय कुणाला दिसत नाहीत.' मी सुमनला मोठ्यानं समजावून सांगितलं. ती म्हणाली, 'मग संमती कशी द्यायची?' तो म्हणाला, 'मोबाइलवर ओटीपी येतो.' सुमन म्हणाली, 'मोबाइल ह्यांच्याकडे असतो.'

तो मुलगा गप्पच झाला. मग त्यानं वही काढली आणि लिहून घेतलं. मला तो मुलगा आवडला.

मैत्रिणींनो, हा मुद्दा साधा नाही. करोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, ई-संजीवनीवरून घरबसल्या सरकारी डॉक्टरांचा सल्ला मिळायला लागला. फार चांगली सोय. पण घरात एकच फोन, तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात, आणि बाईला बोलायचं आहे अंगावरून जाण्याबद्दल. ती बोलणार कशी? तंत्रज्ञान दारापर्यंत येतं, उंबरठा आपल्यालाच ओलांडावा लागतो.

आणि बायकांची माहिती बायकांना विचारल्याशिवाय मिळतच नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला आणि जगाला कळलं की खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन नव्हे. मुंबईत डॉ. अनिरुद्ध मालपाणी आणि डॉ. अंजली मालपाणी यांनी डॉक्टरांसाठी नव्हे तर रुग्णांसाठी 'हेल्प' नावाचं आरोग्य ग्रंथालय उभं केलं. दोन्ही कामांमागची समजूत एकच. आजार ज्याचा, माहितीवर पहिला हक्कही त्याचाच.

हक्क हा शब्द मुद्दाम वापरला. त्या दिवशी माझ्या मैत्रिणीनं सांगितलेली एक गोष्ट मला पन्नाशीकडे झुकताना पहिल्यांदा कळली. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे, रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवाव्या लागतात, आणि रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्या तर ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. आपण मागतच नाही. 'डॉक्टर रागावतील' म्हणून. मागताना आवाज चढवायची गरज नाही, एक साधा अर्ज आणि त्याची पोच पुरते.

परत येताना लोकलमध्ये आम्ही दोघींनी ठरवलं की परिषदेचं काम परिषदेवाले करतील, आपलं आपण करू. गेल्या संक्रांतीला माहुलच्या आमच्या गटानं हळदीकुंकवाला वाण म्हणून चमचे-वाट्या न लुटता प्लास्टिकच्या फायली लुटल्या. वीस-पंचवीस रुपयांची एक फाइल. आत पहिल्या पानावर लिहायला एक कोरा कागद. तिळगूळ खाऊन होईपर्यंत प्रत्येकीनं स्वतःचं पान भरायचं, लिहिता येत नसेल तिला शेजारणीनं मदत करायची. ज्यांच्यात पूर्वी हळदीकुंकू होत नसे त्यांनाही बोलावलं, विधवांनाही बोलावलं. आजार काही कुंकू बघून येत नाही.

त्या पानावर काय लिहायचं ते तुम्हालाही सांगते. नाव, आणि लग्नाआधीचं नावही, कारण जुन्या नोंदी त्याच नावानं असतात. रक्तगट. कुठल्या औषधाची ॲलर्जी. आजवरची मोठी दुखणी आणि ऑपरेशनं, वर्षासकट. बाळंतपणं किती, कशी झाली. सध्या चालू असलेल्या गोळ्यांची नावं. नाव लिहिता येत नसेल तर रिकामं पाकीटच फाइलला टाचून ठेवा. आभा क्रमांक काढला असेल किंवा निक्षयची नोंद असेल तर तो आकडा. आणि मागे सगळे कागद तारखेप्रमाणे. प्रत्येक कागदाचा फोटो काढून एका विश्वासाच्या माणसाच्या फोनमध्येही ठेवा. फाइल भिजेल, हरवेल, घर बदलेल. दोन ठिकाणी असेल तर एक तरी वाचेल.

आणि खोकल्याबद्दल, मी केलेली चूक तुम्ही करू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर कारण काहीही वाटो, हवा वाटो, फोडणीचा ठसका वाटो, चुलीचा धूर वाटो, थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट आहेत. उपचार चालू असताना पोषणासाठी निक्षय योजनेतून पैसेही मिळतात; ते २०१८ मध्ये महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. गाव बदलायचं असेल तर जिथे औषध चालू आहे तिथे आधी सांगा, ते पुढच्या गावच्या केंद्राकडे नोंद वळवून देतात. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा फुकटचा फोन आहे. हवा वाईट असली म्हणून क्षय होत नाही असं नाही. दोन्ही असू शकतात. गोवंडी-मानखुर्दच्या दाटीवाटीनं बांधलेल्या पुनर्वसन इमारतींत, जिथे खालच्या घरांत ऊन-वारा पोचत नाही, तिथे क्षयाचा प्रश्न मोठा असल्याचं २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासानं दाखवलं होतं. घराची खिडकीसुद्धा औषधच असते.

हळदीकुंकवाच्या दिवशी सगळ्यांत शेवटी सुमन उरली. तिचं पान मी लिहायला घेतलं. 'पहिल्यांदा औषध कधी चालू झालं होतं, आठवतंय का?' मी विचारलं. तिला ऐकू गेलं नाही. मी परत विचारलं, मोठ्यानं. ती थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, 'गणपतीच्या आधी. धाकटी तेव्हा तिसरीत होती.' आम्ही बोटांवर वर्षं मोजली आणि लिहिलं. दोन ठिकाणच्या डॉक्टरांना जे मिळालं नव्हतं ते तिच्याजवळ होतंच. कुणीतरी जवळ बसून, दोनदा विचारायला हवं होतं.

ती फाइल आता त्याच दारामागच्या खिळ्याला आहे, पिशवीच्या आत. तुमच्या घरात आज संध्याकाळी पोळ्या झाल्या की तुमचे कागद शोधून बघा. आणि शेजारणीला हाक मारा. तिचेही शोधायला लावा.